गाडीतले मृत्यू शून्य

केकवर लाल आइसिंगचं हृदय काढलं होतं आणि त्याच्या मधून काळ्या चॉकलेटची नागमोडी रेघ गेली होती. डॉ. पराग देवस्थळींनी सुरी बरोबर त्या रेघेवर ठेवली आणि जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. करंजथडी जिल्ह्याच्या आपत्कालीन सेवेत सलग दुसऱ्या वर्षी एकही रुग्ण गाडीत दगावला नव्हता. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत तेच झळकत होतं. गाडीतले मृत्यू: शून्य.

हेमांगी दुधाळच्या हातात कुणीतरी कागदी ताटली दिली. ती याच सेवेत पॅरामेडिक होती. त्या सकाळी तिने एका म्हातारीला जिल्हा रुग्णालयात पोचवलं होतं. म्हातारी मोरीत पडलेली सापडली होती. कधी पडली कुणालाच ठाऊक नव्हतं. डोळ्यांच्या बाहुल्या पसरून थिजल्या होत्या, लुगडं घाण झालं होतं. हेमांगीने नियमाप्रमाणे तिच्या छातीला पट्टा बांधला. म्हातारीच्या मनगटात नाडी उडायला लागली आणि तिच्या सुनेने हेमांगीचे पाय धरले. "देवासारख्या आलात हो," ती म्हणाली.

तो वास अजून हेमांगीच्या नाकातून गेला नव्हता. तिने केकचा घास घेतला. ती बाहेरच्या बेसिनपाशी गेली, थुंकली आणि नळाखाली बराच वेळ तोंड धरून उभी राहिली.

खरं तर पट्टा वाईट नव्हता. कुणी विचारलं तर हेमांगी हे आधी सांगायची. 'स्पंद' पट्टा हा हृदयाच्या डॉक्टरांना मिळालेला मोठा आधार होता. बरगड्यांमधून एक बारीक सुई टोचायची. तिच्यातून वीजवाहक जेल हृदयाच्या भोवती सोडायचं. ते मिनिटभरात कोळ्याच्या जाळ्यासारखं पसरतं. मग छातीवरचा पट्टा त्या जाळ्यात ठरावीक लयीत वीज सोडतो आणि थांबलेलं हृदय आवळतं, सैल होतं, पुन्हा आवळतं. शाळेच्या प्रयोगशाळेत मेलेल्या बेडकाचा पाय विजेने आखडतो, त्यातलंच तत्त्व. सोबत नळीतून प्राणवायूचा भाता चालतो. डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर कोसळलेली कितीतरी माणसं या पट्ट्याने परत आली होती.

पण हृदय आणि मेंदू यांची सहनशक्ती सारखी नसते. रक्त थांबलं की मेंदू चारपाच मिनिटांत कोमेजायला लागतो आणि थोड्याच वेळात कायमचा संपतो. हृदयाचा स्नायू मात्र त्यानंतरही बराच वेळ विजेला दाद देतो. पट्टा वेळेत बांधला तर माणूस वाचतो. उशिरा बांधला तर फक्त नाडी वाचते.

करंजथडीत तो प्रत्येक गाडीत आला आणि प्रत्येक बेशुद्ध माणसाला बांधला जाऊ लागला. बांधल्याशिवाय गाडी जागची हलत नसे, तशी तिची रचनाच होती. नाडी आहे तोवर माणूस जिवंत, आणि माणूस गेला हे ठरवायचा अधिकार फक्त रुग्णालयाला. त्यामुळे गाडीत कुणी मरतच नव्हतं. रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर त्यासाठी एक वेगळी खोली होती. तिथे ओळीने खाटा होत्या आणि सगळ्या पट्ट्यांची लय एकच असल्यामुळे सगळ्या छात्या एकदम वर जात, एकदम खाली येत. खाटांशेजारी नातेवाईक बसलेले असत. कुणी तळपाय चोळत असे, कुणी कपाळाला अंगारा लावत असे. दोनतीन दिवसांत पायाची बोटं काळी पडायला लागली की डॉक्टर येऊन पट्टा काढत. तो मृत्यू मग कागदोपत्री मूळ आजाराच्या नावावर जाई. गाडीशी त्याचा संबंध राहत नसे.

केकनंतर देवस्थळींनी हेमांगीला केबिनमध्ये बोलावलं. ते या सेवेचे प्रमुख होते. आवाज मऊ, कपडे नेहमी परीटघडीचे.

"राज्याला सगळीकडे एकच पद्धत आणायची आहे," ते म्हणाले. "आपली किंवा मोरघाटची. तुलना होणार आहे. त्यांचा एक माणूस आपल्याकडे येईल, आपला एक तिकडे जाईल. मी तुमचं नाव दिलंय."

"मी काय बघून येऊ, सर?"

"जे दिसेल ते. काळजी करू नका. त्यांच्याकडे पट्टेच नाहीत."

मोरघाट हा डोंगराळ जिल्हा होता, आणि रस्ते असे की गाडी पोचेपर्यंत जेवणं उरकावीत. तिथल्या सेवेच्या प्रमुख डॉ. लीना तडवी स्वतः फेरीवर जात. त्यांनी पहिल्याच दिवशी हेमांगीला सांगून टाकलं, "आमच्या गाड्या उशिरा पोचतात, हे मान्यच आहे. म्हणून आम्ही गाड्यांवर भिस्त ठेवली नाही."

त्यांनी भिस्त ठेवली होती माणसांवर. गावोगावी शिंपी, भाजीवाल्या, शिक्षक, रेशनदुकानदार यांना छाती दाबायला शिकवलं होतं. कुणी कोसळलं की सगळ्यांत जवळच्या चौघापाचांचे फोन एकदम वाजायचे. त्यांच्यामागून औषधं आणि झटका द्यायचं यंत्र घेऊन मोटरसायकलवरचा पॅरामेडिक यायचा, आणि गाडी शेवटी.

हेमांगीने ते आठवडी बाजारात पाहिलं. बांगड्यांच्या दुकानासमोर एक कासार उभ्याउभ्या खाली गेला. शेजारची मिरच्या विकणारी बाई पदर खोचून त्याच्या छातीशी गुडघ्यांवर बसली आणि मोठ्याने आकडे म्हणत दाबायला लागली. ती दमली तेव्हा चप्पलवाल्याने जागा घेतली. मोटरसायकल आली, झटका दिला गेला. गाडी येईपर्यंत कासार डोळे उघडून 'दुकान कोण बघतंय' म्हणून विचारत होता. महिना संपायच्या आत हेमांगीने त्याला त्याच दुकानात बसलेलं पाहिलं.

पण दुसरं जे पाहिलं त्याने ती जास्त हलली. एका वस्तीवर ती आणि लीनाताई पोचल्या तेव्हा उशीर झाला होता. घरचा माणूस अंगणात पडला होता आणि बायको एकटीच होती. लीनाताईंनी तपासलं, पुन्हा तपासलं. मग त्या बाईच्या समोर जमिनीवर बसल्या, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "गेले, बाई." बाईने टाहो फोडला. लीनाताई उठल्या नाहीत. शेजारपाजार जमेपर्यंत तशाच बसून राहिल्या.

परतीच्या वाटेवर हेमांगी म्हणाली, "पट्टे आल्यापासून मी हा शब्द कुणाला सांगितला नाही. आमच्याकडे आम्ही म्हणतो, नाडी आहे."

"आणि असते?"

"पट्ट्याची असते."

लीनाताईंनी गाडी चालवता चालवता तिच्याकडे एकदा पाहिलं. "तुमच्याकडची किती माणसं पायी घरी जातात?"

तसं करंजथडीत कुणी मोजतच नव्हतं.

तुलनेची बैठक राजधानीत झाली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, काजूच्या वाट्या. पडद्यावर दोन जिल्हे शेजारी शेजारी मांडले होते. गाडी पोचायला लागणारा वेळ: करंजथडी पुढे. रुग्णालयाच्या दारात नाडी असलेले रुग्ण: करंजथडीत जवळजवळ सगळे, मोरघाटात जेमतेम पाचातला एक. गाडीतले मृत्यू: करंजथडी शून्य. मोरघाटचा आकडा लाल रंगात होता.

लीनाताईंनी सांगितलं की त्यांची पायी घरी गेलेली माणसं मोजा, मग तक्ता उलटा होईल. देवस्थळींनी मान डोलावून ऐकून घेतलं.

"डॉक्टर, तुमची तळमळ समजते," ते म्हणाले. "पण आपण इथे गाड्यांची सेवा तपासतोय. घरी पाठवणं हे रुग्णालयाचं काम. आमचं काम दारात पोचवणं, आणि ते आम्ही शंभर टक्के करतो. हवं तर हेमांगींना विचारा. त्या दोन्हीकडे राहून आल्यात."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. हेमांगी उभी राहिली. "मोरघाटची माणसं चांगलं काम करतात," ती म्हणाली. "पट्ट्याचं म्हणाल तर तो काही वेळा उशीर झाला तरी बांधला जातो." पुढचं वाक्य तिच्या तोंडात होतं. पण आरोग्य सचिवांनी काजू उचलता उचलता विचारलं, "म्हणजे वापराचं प्रशिक्षण वाढवायला हवं, असं ना?" आणि देवस्थळी म्हणाले, "अगदी बरोबर." हेमांगी खाली बसली. लीनाताईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी हॉटेलात आरशासमोर तिला स्वतःची शिसारी आली. देवस्थळी खोटं बोलला होता का? एकही शब्द नाही. हीच गोष्ट तिला सगळ्यांत घाणेरडी वाटत राहिली.

पावसाळ्यापूर्वी राज्याचा निर्णय झाला. सगळीकडे पट्टे येणार होते.

लग्नसराई संपत आली होती. हेमांगी आणि तिचा चालक इरफान मुलाणी दुपारचे डबे उघडत होते, तेवढ्यात गाडीच्या पडद्यावर कॉल आला. शिरसाट मंगल कार्यालय, पुरुष, बेशुद्ध. खाली नाव उमटलं: राजेंद्र पिसाळ.

इरफानने गाडी सुरू केली. "ताई, ओळखीचे आहेत का?"

"माझे दाजी," हेमांगी म्हणाली.

राजेंद्र पिसाळ म्हणजे तिच्या मोठ्या बहिणीचे, मनूताईचे यजमान. त्यांचा मांडव-डेकोरेशनचा धंदा होता. आईवडील गेल्यावर हेमांगीचं शिक्षण याच दाजींनी केलं होतं, आणि पॅरामेडिकचा गणवेश पहिल्यांदा घालून ती दारात आली तेव्हा त्यांनी तिला सॅल्यूट ठोकला होता.

स्टेजच्या मागे कापडाच्या गठ्ठ्यांवर ते पडले होते. कामगार म्हणाले, सकाळपासून छातीत जळजळतंय म्हणत होते. मग मागे जाऊन पडले. वाटलं, झोप लागली असेल. जेवायला हाक मारली तेव्हा उठेनात. मनूताईचं घर रस्त्यापलीकडेच होतं, ती अनवाणी धावत आली होती आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

हेमांगीने बॅटरीचा उजेड त्यांच्या डोळ्यांत टाकला. बाहुल्या मोठ्या, गढूळ, हलत नव्हत्या. ओठ निळे पडले होते. मानेखाली जिथे अंग गठ्ठ्याला टेकलं होतं तिथे जांभळे डाग उमटायला लागले होते. तिला सगळं कळलं. तरी तिचे हात सवयीने चालत राहिले. तिने आणि इरफानने दाजींना गाडीत घेतलं, सुई टोचली, जेल सोडलं, नळी घातली, पट्टा आवळला. मनूताई शेजारी चढून बसली. गाडीने दिवा हिरवा केला आणि ती निघाली.

"हेमा," मनूताई किंचाळल्यासारखं म्हणाली. तिने नवऱ्याचं मनगट पकडलं होतं. "नाडी लागतेय गं. चांगली लागतेय. बघ तू."

हेमांगीने पाहिलं नाही.

"अहो, ऐकताय का," मनूताई दाजींच्या कानाशी वाकली. "तुमची हेमा आहे सोबत. काही होत नाही आता. कालचं बोलणं मनात धरू नका. तुम्ही म्हणाल तसं करू."

दाजींची छाती वर जात होती, खाली येत होती. जबडा लोंबत होता आणि भात्याच्या प्रत्येक झोक्याबरोबर जीभ जराशी हलायची. पँट ओली झाली होती, मनूताईने त्यावर आपला पदर टाकला होता. आता ही दुसऱ्या मजल्यावर बसेल, हेमांगीच्या मनात आलं. तळपाय चोळेल. देवस्थळी तिथे येतील आणि म्हणतील, पेशंट स्थिर आहे.

"इरफानभाई, गाडी बाजूला घ्या."

"ताई, आत्ता?"

"घ्या."

गाडी एका उसाच्या शेताच्या कडेला थांबली. आतल्या यंत्राने लगेच सूचना द्यायला सुरुवात केली. रुग्ण हस्तांतरित करा. रुग्ण हस्तांतरित करा. यंत्रातल्या त्या बायकी आवाजात कसलीच घाई नव्हती.

"का थांबवली?" मनूताई म्हणाली.

"ताई, दाजी गेलेत. आम्ही यायच्या आधीच गेले होते."

"काय बोलतेस तू? माझ्या हाताला नाडी लागतेय."

"ती दाजींची नाही. पट्ट्याची आहे."

"मला शिकवू नकोस. चल म्हणावं त्याला. वेळ घालवू नकोस, हेमा, मी पाया पडते तुझ्या."

पट्ट्याला बगलेखाली एक पिवळा खटका होता. गाडीला आग लागली तरच तो दाबायचा, असं प्रशिक्षणात सांगितलेलं. हेमांगीने बहिणीचा हात दाजींच्या मनगटावर नीट बसवला, वर स्वतःचा हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने खटका दाबला. नाडी थांबली. अर्ध्यावर तोडल्यासारखी. भाता बसला, छाती खाली गेली ती वर आली नाही. मग तिने खटका पुन्हा दाबला. नाडी पूर्वीसारखीच, त्याच लयीत उडायला लागली.

मनूताईने हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. ती दाजींच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तिने हेमांगीच्या थोबाडीत मारली. एकदा मारली, पुन्हा हात उगारला, आणि तिथेच गाडीच्या फरशीवर तिला उलटी झाली. हेमांगी तिची पाठ धरायला वाकली तर तिने ढकलून दिलं.

"चालू राहू दे," ती तोंड पुसत म्हणाली. "मला बघायचंय."

ते तिघं तसेच बसले. इरफान पुढे स्टेअरिंगवर कपाळ टेकून होता. पट्टा दाजींच्या छातीला उचलत होता, सोडत होता. मनूताई आता त्यांच्या हाताला शिवत नव्हती. तिने त्यांच्या डोळ्यांत वाकून पाहिलं, गालावर हात फिरवला, नाव घेऊन हाक मारली. लग्नानंतर नवऱ्याला तिने नावाने हाक मारलेली हेमांगीने कधी ऐकली नव्हती. काही हललं नाही. फक्त छाती.

"हे असं सगळ्यांचं करता तुम्ही?" तिने विचारलं.

"हो."

"तूसुद्धा?"

"मीसुद्धा."

मनूताईने मान फिरवली. मग ती म्हणाली, "काढ ते. किळस येते मला. त्यांना हात लावू देऊ नकोस आता कुणाला."

हेमांगीने खटका दाबला, पट्टा सोडवला, नळी काढली. दाजींचे डोळे मिटले आणि जबड्याखालून रुमाल बांधला. हे काम तिने मनापासून केलं. "घरी घ्या," ती इरफानला म्हणाली. पट्टा सुटल्यावर गाडी हलेना. इरफान खाली उतरला, बॉनेट उघडून त्याने कसलीशी वायर उपटली आणि गाडी निघाली. यंत्र घर येईपर्यंत तेच सांगत राहिलं.

दाजींना ओसरीवर ठेवलं तोवर आळी जमली होती. त्यांची आई आतून काठी टेकत आली, आणि इरफानकडून ऐकून कुणीतरी तिच्या कानात सांगितलं की धाकट्या मेहुणीनेच यंत्र बंद केलं. "हिनं मारलं माझ्या राजूला," म्हातारी ओरडली. "नाडी चालू होती म्हणे. हिनं मारलं." माणसं हेमांगीपासून दोन पावलं मागे सरली. मनूताई प्रेताशेजारी मान खाली घालून बसली होती.

हेमांगीचा फोन वाजला. देवस्थळी होते.

"फार वाईट झालं," ते मऊ आवाजात म्हणाले. "मला तुमची मनःस्थिती समजते. नोकरीची काळजी करू नका, मी सांभाळून घेतो. फक्त एक करायचं. हा कॉल आपण गाडीची चाचणी म्हणून दाखवू. रुग्ण नव्हताच. म्हणजे तुमच्यावरही काही येणार नाही आणि आपला आकडाही राहील. पुढच्या आठवड्यात केंद्राची माणसं येतायत."

हेमांगीला वाटलं, फोनमधून काहीतरी चिकट कानात उतरतंय. "रुग्ण नव्हताच?" ती म्हणाली.

मनूताईने मान वर केली. "कोण आहे?"

"आमचे साहेब. म्हणतायत, गाडीत कुणी नव्हतंच असं दाखवू."

मनूताई उठली. पदर सावरायचंही भान तिला नव्हतं. तिने बहिणीच्या हातातून फोन घेतला.

"साहेब, मी त्यांची बायको बोलतेय," ती म्हणाली. "माझा नवरा मांडवात गेला. तुमच्या गाडीत तुम्ही त्याला बाहुल्यासारखा नाचवला. मी शेजारी बसून पाहिलं. माझ्या बहिणीनं तो खेळ थांबवला. आता तुम्ही म्हणता तो नव्हताच. एवढं मोठं माणूस समोर ठेवलंय मी. नव्हता कसा म्हणता?"

पलीकडून काही उत्तर आलं असेल. तिने ते ऐकून घेतलं नाही. फोन हेमांगीच्या हातात परत दिला, तिचं मनगट धरलं आणि तिला सगळ्यांच्या समोरून नेऊन आपल्याशेजारी, दाजींच्या उशाशी बसवलं. सासू पुन्हा काही बोलायला लागली तेव्हा ती फक्त म्हणाली, "आई, ती इथेच बसेल."

हेमांगीची नोकरी त्याच महिन्यात गेली. खटक्याचा गैरवापर, असं कारण दिलं. वर्षअखेरीला करंजथडीच्या पडद्यावर पुन्हा शून्यच झळकलं, आणि नवीन पट्ट्यांच्या गाड्या मोरघाटच्या घाटातही चढायला लागल्या. इरफानलाही काढलं. तो आता दाजींच्या मांडवाचा टेम्पो चालवतो, आणि धंदा मनूताई बघते.

पिसाळांच्या अंगणात रविवारी दुपारी मांडवाचं एक कापड अंथरलेलं असतं. आळीतल्या बायका, मांडवाचे कामगार, दोनतीन म्हातारे तिथे गुडघ्यांवर बसतात आणि वाळूने भरलेल्या पोत्यांच्या छात्या दाबतात. हेमांगी त्यांच्यामधून फिरते, कोपर वाकलं की सरळ करते. मनूताई सगळ्यांच्या पुढे असते. तिला लय चुकलेली चालत नाही. ती मोठ्याने आकडे म्हणते, घाम पुसते, आणि कुणी दमून थांबलं तर त्याला बाजूला सारून स्वतः बसते.